जाताना थांबायचं नाही

“बाबा, आपल्या गाडीत मागे काय असायचं?”

एवढंच. मोजून सहा शब्द. हे बाबांना तोंडावर विचारून दाखव, अशी पैज माझ्या दोन मैत्रिणींनी शुक्रवारी मधल्या सुट्टीत लावली आणि मी म्हटलं, “हात्तिच्या! एवढंच?”

“एवढंच,” चिमटी म्हणाली. बोलताना ती समोरच्याला चिमटे काढते म्हणून चिमटी. त्या दिवशी तिने एकही काढला नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

“आणि विचारलंस तर खिडकीजवळची जागा वर्षभर तुझी,” जिराफ म्हणाली. जिराफला जिराफ का म्हणतात ते सांगायला नको.

“वर्षभर? लिहून दे.”

तिने माझ्या तळहातावर पेनने लिहून दिलं. खाली सहीसुद्धा केली.

मागच्या वर्षी मी असली पैज घेतली नसती. आठवीपर्यंत वर्गात माझं नाव ‘सायलेंट’ होतं. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझ्या घशाला कोरड पडायची. मग यंदा नववीत ग्रंथालयाच्या बाईंच्या हाती माझी वही लागली आणि त्यांनी मला भर वर्गात त्यातलं एक पान वाचायला उभं केलं. पहिल्या तीन ओळी मी फरशीला वाचून दाखवल्या. चौथ्या ओळीला मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. म्हणजे चांगलं हसलं, हसायचं होतं तिथेच हसलं. आणि माझ्या आतलं कुठलंतरी बूच उडालं ते उडालंच. आता माझं नाव ‘भोंगा’ आहे. मला ते जाम आवडतं.

वहीचं नाव ‘आम्ही तिघं आणि रस्ता’. आठ वर्षांची असल्यापासून मला पुस्तक लिहायचंय, आमच्या घरच्या प्रवासांचं. पाहुण्यांनी ‘मोठेपणी कोण होणार’ असं विचारलं की मी हे सांगायचे (घरात मी सायलेंट कधीच नव्हते) आणि पाहुणे ‘वा वा’ म्हणून लगेच आईला दुसरं काहीतरी विचारायचे. पण मी लिहीत राहिले.

बाबा रुग्णालयाची गाडी चालवतात. तेव्हाची गाडी लांबडी, पांढरी. पुढे तिघांना पुरेल अशी सलग सीट, सीटमागे पत्र्याची भिंत, आणि भिंतीमागे ‘सामान’. सामान लांबच्या गावी पोचवायचं असलं आणि मला सुट्टी असली, की बाबा कधीकधी मला आणि आईला बरोबर घ्यायचे. चार वर्षांत अकरा प्रवास झाले, त्यांची अकरा प्रकरणं झाली. डोंगर, धरण, एक बंद पडलेली खाण, एक तुरुंग (बाहेरून) आणि समुद्र. मग रुग्णालयाने नवी गाडी घेतली. तिच्यात पुढे दोनच माणसं मावत होती. आमचं फिरणं तिथेच संपलं.

आणि यंदा, मुलांनी लिहिलेली पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशकाने शाळांकडून वह्या मागवल्या. एका शाळेतून एकच. बाईंनी माझी निवडली! पुढच्या शुक्रवारपर्यंत पक्की प्रत आणि आईबाबांच्या सहीचा फॉर्म द्यायचा होता. “समुद्राचं प्रकरण सगळ्यात आधी घे,” बाई म्हणाल्या होत्या. “वाचणारा तिथेच विरघळतो.”

तर अशी मी हवेत होते. जमिनीपासून निदान वीतभर तरी वर.

रविवारी सकाळी बाबा दाराबाहेरच्या पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. आई आत मशीनवर होती. आई घरी अल्टरची कामं करते. लोक जाड झाले की तिच्याकडे येतात आणि बारीक झाले तरी तिच्याकडेच येतात, त्यामुळे तिला सुट्टी नसते.

“बाबा, एक विचारू?”

“नको म्हटलं तर थांबणार आहेस?”

“आपल्या गाडीत मागे काय असायचं?”

ब्रश थांबला. आत मशीनही थांबलं. आईचं मशीन ओळ पुरी झाल्याशिवाय कधी थांबत नाही.

“सामान,” बाबा म्हणाले.

“हो, पण कसलं? सिलिंडर? खाटा?”

“कोणी विचारायला सांगितलं तुला?” आई दारात आली होती. तिच्या ओठांत दोन टाचण्या तशाच.

“चिमटीने. पैज आहे आमची. खिडकीची जागा मिळणार.”

आईने टाचण्या काढल्या. “हिच्या चिमटीचे आजोबा गेले ना गेल्या महिन्यात,” ती म्हणाली. पण मला नाही, बाबांना म्हणाली.

“मीच नेलं त्यांना,” बाबा म्हणाले. “पोरगी पुढे बसली होती माझ्याशेजारी. सारखी बदकाकडे बघत होती.”

बदक म्हणजे गाडीत पुढच्या काचेजवळ चिकटवलेलं, खड्डा आला की मान हलवणारं प्लॅस्टिकचं बदक. त्याच्या चोचीला मी आईचं नेलपॉलिश लावलं होतं. जुनी गाडी गेली तेव्हा बाबांनी ते उचकटून नव्या गाडीत लावलं. बदक माझ्या अकराही प्रकरणांत आहे. माझ्या वर्गात त्याला ओळखत नाही असं कुणी नाही.

“माणसं असायची,” बाबा म्हणाले. “गेलेली माणसं. त्यांच्या त्यांच्या घरी पोचवायचो.”

आता खरं सांगते. मी दचकले, पण मला ते अगदी नवीन वाटलं नाही. अंधाऱ्या खोलीत कपाट कुठे आहे हे जसं न बघता माहीत असतं, आणि एक दिवस कुणीतरी दिवा लावतं, तसं काहीतरी. कपाट होतंच तिथे.

“अकराही वेळा?”

“अकराही वेळा.”

“पण मग आम्हाला कशाला न्यायचात?”

उत्तर आईने दिलं. ती पायरीवर बाबांच्या मागे बसली. पुढची सीट म्हणे मयताच्या नातेवाइकांसाठी असायची. पण कधीकधी बरोबर यायला कुणीच नसायचं. घरचे दूर कुठेतरी गावात वाट बघत बसलेले, इथे सही करून ताब्यात घ्यायलासुद्धा कुणी नाही. अशा वेळी बाबांना एकट्याने आठ-दहा तास जावं लागायचं. बाबांना वर्षात धड चार दिवसांची रजा मिळत नव्हती आणि मी भूगोलाच्या पुस्तकातला डोंगर बघून हा कुठे आहे म्हणून विचारायचे. “परवानगी नव्हती,” आई म्हणाली. “पण जागा रिकामी जायची. आणि मला वाटायचं, त्या माणसाबरोबर कुणीतरी असावं. तीन जिवंत माणसं तर तीन.”

इथे एखादी शहाणी मुलगी रडली असती, किंवा निदान गप्प बसली असती. मी काय केलं? मी आत पळाले, वही आणि पेन घेऊन आले आणि म्हटलं, “बाबा, हे तर भन्नाट आहे!”

“काय आहे?”

“अशी वही जगात कुणाची नसेल! बघा, नियम बघा आपले.” मी पहिलं पान उघडलं. ‘आमच्या घरचे प्रवासाचे नियम’ असं मी नवव्या वर्षी रंगीत पेनने लिहिलं होतं. जाताना गाणी म्हणायची नाहीत. जाताना मोठ्याने हसायचं नाही. जाताना भांडायचं नाही. जाताना थांबायचं नाही. येताना काहीही करा. खाली टीप: ‘आमचे बाबा निघताना गाडीशी बोलतात. निघतो हं, म्हणतात. येताना बोलत नाहीत, कारण तेव्हा गाडी दमलेली असते.’ ह्या टिपेला वर्ग फार हसायचा.

“सगळं इथेच होतं,” मी म्हटलं. “फक्त कोण होतं ते नव्हतं. ते सांगा. प्रवास पहिला, डोंगर. कोण होतं?”

बाबांनी बूट पुन्हा हातात घेतला. मग बुटाकडे बघत म्हणाले, “गवंडी होता. परांचीवरून पडलेला.”

मी लिहिलं. “प्रवास दुसरा. तुरुंग.”

“म्हातारी. तिला घरचं कुणी नव्हतंच. शेजाऱ्यांनी मागवून घेतली.”

“तिसरा. धरण. जिथे आपण उकडलेली अंडी खाल्ली आणि मी पाच खाल्ली.”

“तान्हं होतं,” बाबा म्हणाले. “महिन्याभराचं. मागे काही आहे असं वाटायचंच नाही.”

माझं पेन थोडं अडखळलं, पण थांबलं नाही. भोंगा ना मी. “चौथा. समुद्र.”

बाबांनी ब्रश डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं, अर्धे पॉलिश केलेले बूट उचलले आणि ते आत गेले. मोरीत नळ सुटल्याचा आवाज आला. बाबा बाहेरून आले की कोपरापर्यंत हात धुतात. त्या दिवशी ते बाहेर गेलेच नव्हते.

तेव्हा मला आठवलं, की मी घरी समुद्राचं प्रकरण वाचायला लागले की बाबांना दरवेळी काहीतरी काम निघायचं.

आईने सांगितलं. हळू आवाजात, मांडीवरच्या कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत उसवत.

एकोणीस वर्षांची मुलगी होती. शहरात शिकायला आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी. ताप डोक्यात गेला आणि तीन दिवसांत संपली. समुद्राकाठच्या गावात तिची आई एकटी. आईने फोनवर एकच सांगितलं होतं, मला तिचा चेहरा बघायचाय, लवकर आणा. जुन्या गाडीत थंड करायचं यंत्र नव्हतं. पत्र्याच्या पेटीत बर्फाच्या लाद्या लावायचे. बाबांनी पहाटे कारखान्यातून बर्फ घेतला, दुपारी एकपर्यंत टिकेल एवढा. बारापर्यंत पोचायचंच होतं.

“आणि सव्वाअकराला वळणावर समुद्र दिसला,” आई म्हणाली. “तू कधी बघितला नव्हतास. थांबा म्हणून जी रडायला लागलीस. बाबा नाही म्हणाले. मग मी म्हटलं, अहो, पाचच मिनिटं. मी म्हटलं.”

बाबा दोन रात्री झोपले नव्हते. आधीची रात्र दुसऱ्या एका खेपेत गेली होती. वाळूत पाय पसरून बसले आणि बसल्या बसल्या आडवे झाले. आईला वाटलं, दहा मिनिटं पडू दे, नाहीतर पुढे डुलकी लागून गाडीच कुठेतरी जाईल. ती पाण्यात माझ्या मागे धावत होती. तिच्या हातात घड्याळ नव्हतं. बाबा जागे झाले तेव्हा दीड वाजला होता. गाडी भर उन्हात उभी.

“तिथे पोचलो तर बाई दारातच. उशीर का झाला, विचारलं तिने. बाबा म्हणाले, टायर पंक्चर झाला. पेटी उघडली. जमलेल्या बाप्यांनी बघितलं आणि म्हणाले, हिला दाखवू नका. दोघींनी धरून ठेवलं तिला. नाही दाखवलं, शेवटपर्यंत.” आईने दोरा ओढला. “बाबांनी पोचपावतीवरही तेच लिहिलं, टायर पंक्चर. ती अजून आहे डब्यात. फाडून टाका म्हटलं तर फाडत नाहीत. मला म्हणतात, तिला खरं कळलं नाही तेवढंच एक बरं झालं.”

मला आठवत होतं ते माझंच लिहिलेलं होतं, आणि ते मला तोंडपाठ होतं:

‘बाबा वाळूत झोपले. आई म्हणाली उठवू नकोस. मी बाबांचे पाय वाळूत पुरले. वर शिंपला ठेवला. आमच्या गाडीतून मागून पाणी गळत होतं. मी बोट लावलं. गार गार होतं. गाडीलापण समुद्र आवडला.’

शेवटचं वाक्य बाईंचं सगळ्यात लाडकं. मी वाचलं तेव्हा अख्ख्या वर्गाने ‘ओऽऽ’ केलं होतं.

ज्या बोटाने पाणी चाखून बघितलं होतं ते बोट मी फ्रॉकला पुसलं. हो, चाखूनही बघितलं होतं. समुद्रासारखं खारट आहे का म्हणून. ते मी लिहिलं नव्हतं, पण ते मला आठवलं.

दुपारी जेवताना बाबा म्हणाले, “फॉर्म आण. सही करतो.”

“बाबा...”

“लहान मुलीने लिहिलेलं आहे, तसंच पाठव. सामान म्हणजे सामान. त्यात नवीन काही घालू नकोस. घातलंस तर माझी गाडी जाईल हातची, ते एक. आणि...” त्यांनी दुसरं काय ते सांगितलं नाही. “तुझं नाव छापून येईल. आपल्यात कुणाचं आलंय अजून?”

त्यांनी सही केली. बाबांची सही फार सुंदर आहे, शेवटच्या अक्षराची शेपटी पार पहिल्या अक्षरापर्यंत मागे जाते. आईने खाली केली. मग फॉर्म टेबलावर तसाच पडून राहिला, वर मिठाची बाटली ठेवलेली.

सोमवारी दोघी फाटकातच उभ्या होत्या.

“विचारलंस?” जिराफने विचारलं.

“विचारलं.”

“मग?”

“तुम्हाला माहीत होतं.”

जिराफ बुटाने माती उकरायला लागली. चिमटी म्हणाली, “तुला माहीत नसेल असं मला वाटलंच नव्हतं गं. मला वाटायचं, हिला माहीत आहे आणि ही मुद्दाम गंमत म्हणून लिहिते. मग वाटलं, नाही, हिला खरंच माहीत नाही. आणि पुस्तक छापून आल्यावर बाहेरचं कुणीतरी तुला म्हणालं असतं.”

“मग सरळ सांगायचंस!”

“कसं सांगायचं? तूच सांग, कसं सांगायचं?”

मी तळहातावरची जिराफची पुसट सही अंगठ्याने घासत राहिले.

“एक सांगू?” चिमटी म्हणाली, आणि आता कुठे तिने माझ्या दंडाला चिमटा काढला, अगदी हलका. “त्या दिवशी आम्ही सगळे गाडीत बसलो, मी पुढे, बाकीचे मागे आजोबांपाशी, रडत होतो, आणि तुझ्या बाबांनी गाडी सुरू करायच्या आधी मान मागे वळवली, नव्या गाडीत पुढच्या-मागच्या भागांमध्ये जाळी आहे ना, त्या जाळीकडे, आणि म्हणाले, निघतो हं. आजोबांना म्हणाले. गाडीला नाही. माझ्या आईला ते अजून आठवतं.”

खिडकीजवळची जागा त्यांनी मला रिकामी करून ठेवली होती. मी जिराफला म्हटलं, तूच बस, तुझं डोकं मध्ये आलं की मागच्यांना फळा दिसत नाही. ती हसली. मीही हसले. पण नंतर मधल्या सुट्टीपर्यंत मी एकदाही तोंड उघडलं नाही, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “भोंगा बंद पडला काय रे?”

मंगळवारी ग्रंथालयाच्या बाई म्हणाल्या, “पक्की प्रत कुठवर आली?” मी म्हटलं, होतेय. त्यांना काहीतरी सांगावं असं फार वाटत होतं. पण त्या इतक्या खूश होत्या. कपाटातला एक कप्पा त्यांनी रिकामा केला होता, म्हणाल्या, ‘आमच्या लेखिकेसाठी’. त्यात नुसती धूळ पुसल्याचे पट्टे होते.

बुधवारी शाळेतून आले आणि पक्की प्रत करायला बसले. ठरवलं होतं मी. आहे तशी पाठवायची. सात वर्षं एकच गोष्ट हवी असलेल्या मुलीला ती टेबलावर मिठाच्या बाटलीखाली सही करून मिळाली आहे, आणि बाबांची नोकरी राहते, आईला त्रास नाही, बाई खूश. ती एकोणीस वर्षांची मुलगी तर गेलेलीच आहे, असंही मी स्वतःला सांगितलं. हे लिहायला लाज वाटते, पण सांगितलं.

समुद्राचं प्रकरण आधी. मी उतरवत गेले. वाळू, शिंपला, पाणी, ‘गाडीलापण समुद्र आवडला’. इथे बाईंनी लाल पेन्सिलने रेघ मारून लिहिलं होतं: ‘इथेच संपव. पुढचं पाल्हाळ.’ पुढचं अर्धं पान त्यांनी आडवी फुली मारून काढलं होतं. त्यामुळे वर्गात मी ते कधी वाचलं नव्हतं, आणि घरी बाबा तोवर बाहेर गेलेले असायचे आणि आईला मशीनच्या आवाजात ऐकू यायचं नाही. मीसुद्धा ते कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं. फुलीखालून वाचलं.

‘मग आम्ही एका गावात गेलो. खूप लोक होते. आई म्हणाली गाडीतच बस. मला कंटाळा आला. मग एक मावशी खिडकीपाशी आल्या. त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. त्या म्हणाल्या बाळ तू कोण. मी म्हणाले मी बाबांची मुलगी. मी सांगितलं मी आज समुद्र बघितला. खूप वेळ बघितला. त्यांनी माझ्या केसांतली वाळू काढली. खूप होती. त्या म्हणाल्या माझ्या मुलीचे केसपण असेच दाट आहेत. मी म्हणाले ती कुठे आहे. त्या म्हणाल्या आत्ताच आली. मग त्यांनी मला पाणी आणून दिलं. मग त्या गेल्या. वाळू त्यांच्या मुठीतच राहिली.’

मी ते तीनदा वाचलं. मग उठून पाणी प्यायले. मग परत वाचलं.

तिला माहीत होतं. टायर पंक्चर झाला नाही हे तिला त्याच दुपारी कळलं होतं, माझ्या तोंडून आणि माझ्या डोक्यातून. तिने कुणाला सांगितलं नाही. तिथे एवढी माणसं होती, ती एक शब्द बोलली असती तर त्यांनी बाबांना सोडलं नसतं. ती आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. आणि बाबा सात वर्षं ती पोचपावती डब्यात जपून ठेवत होते आणि तिला कळलं नाही एवढंच बरं, असं म्हणत होते.

मी डबा काढला. आईच्या बटणांच्या डब्याशेजारीच असतो. पावती घडीवर फाटायला आली होती. बाबांच्या सुंदर अक्षरात: मृतदेह पोचला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. उशिराचे कारण, टायर पंक्चर. खाली घर, गल्ली, गाव. घेणाऱ्याची सही: एक नाव आणि पुढे कंसात ‘आई’.

साडेसहाला बाबा आले. कोपरापर्यंत हात धुतले. आईने चहा ठेवला. मी टेबलावरून मिठाची बाटली बाजूला केली, फॉर्म उचलला आणि त्या जागी वही उघडून ठेवली. लाल फुलीचं पान.

“हे वाचा,” मी म्हटलं. “दोघांनी.”

“तू वाचून दाखव ना,” आई म्हणाली. “तुझ्या आवाजात बरं वाटतं.”

“नाही. हे तुम्हीच.”

बाबा उठायला लागले. मी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. असं मी आधी कधी केलं नव्हतं. ते परत बसले. आई त्यांच्या खांद्यावरून वाकली. आईचे ओठ हलत होते, ती तशीच वाचते. मग हलायचे थांबले. बाबांनी पान वाचून झाल्यावर बोटाने ‘खूप वेळ बघितला’ ही एकच ओळ परत काढली आणि त्या ओळीवर बोट तसंच ठेवलं. चहा उतू गेला. कुणी उठलं नाही, म्हणून मीच गॅस बंद केला.

“मी तिच्याशी खोटं बोललो,” बाबा म्हणाले. “आणि ती...” त्यांनी वही जवळ ओढली. “म्हणजे तिला सगळं माहीत होतं.”

“हो.”

“हे मला कशाला दाखवलंस?” ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“कारण ते माझ्या वहीत आहे, बाबा. मी लिहिलंय.”

आई म्हणाली, “फॉर्म?”

फॉर्म माझ्या हातात होता. दोन सह्या, एकीची शेपटी मागे वळलेली. मी त्याची घडी घातली, आणखी एक घातली आणि पोचपावतीच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

“शुक्रवारी मी वही देणार नाही. बाईंना मी सांगेन, काय सांगायचं ते माझं मी बघेन, रुग्णालयाचं नाव निघणार नाही. आणि शनिवारी सकाळी पहिल्या बसने मी त्या गावी जाणार. पत्ता आहे. त्या असतील तर हे पान त्यांना वाचून दाखवणार, सगळं, फुलीसकट. पुस्तक होऊ दे की नको ते त्यांनी सांगायचं. त्या नको म्हणाल्या तर नको. दार लावून घेतलं तर दारातून परत येणार. आई, तू जाऊ नकोस म्हणालीस तरी मी जाणार. आणि बाबा, तुम्ही आलात तर मला बरं वाटेल. पण तुम्ही नाही आलात, तरी मी जाणार आहे.”